आमच्यात खात नाहीत

पहिल्या आठवड्यात एकच वाक्य घोटलं :
वो छ्र सू. मी शाकाहारी.
'सू' वरून खाली सोडायचा,
जिन्यावरून पातेलं सुटावं तसा.
मी तो सुदिन-सुवार्तेतल्यासारखा
गोडीत म्हणायचे,
आणि समोर यायचा
डुकराच्या चरबीत परतलेला पालक,
हिरवागार, निष्पाप.

"मांस कुठेय त्यात?" वेइ-तिंग म्हणाली, "नुसतं तेल."
मी म्हटलं, तेच.
ती म्हणाली, काय तेच?

मग शिन्चूच्या त्या वाऱ्यात सायकली ढकलत
तिनेच नेलं मला वसतिगृहामागच्या खानावळीत.
पिवळ्या पाटीवर स्वस्तिक. उलटं.
म्हणजे त्यांच्या बाजूने सुलटं.
कागदी डबा घ्या, चिमट्याने हवं ते भरा,
काट्यावर ठेवा. भात वेगळा, सूप फुकट.
महिन्याभरात कळलं : भोपळा महाग पडतो,
वांगं तेल पिऊन बसतं.
स्कॉलरशिप लांबली की मी
शेवाळ आणि सोयाच्या दुधावरची वाळवलेली साय,
असं हलकं हलकं जेवायचे.

कांदा नाही इथे. लसूण नाही.
लसूण पलीकडच्या कॅन्टीनमध्ये,
डुकराच्या मांडीला मांडी लावून.
आमच्या घरी कांदेनवमीचा वास
एकादशीलाही पडद्यांतून जायचा नाही.
मी खोलीच्या खिडकीत मगमध्ये एक कांदा ठेवला,
चिरायचं धाडस होईना.
त्याला कोंब आला.

काट्यामागच्या बाईंना सगळे आयी म्हणतात.
मावशी, काकू, कुणीही पोक्त बाई : आयी.
पहिल्यांदा हाक मारली तेव्हा
जिभेला काही करावंच लागलं नाही.

एका परातीत मासा असायचा, सोयाबीनचा.
शेवाळाची कातडी, वर खवल्यांच्या रेघा.
माझा चिमटा थबकायचा.
"खोटा आहे," शू-चिन आयी ओरडायची.
खरा मी कधी चाखलाच नव्हता,
मग खोट्याला कशाला भ्याले?

एकदा काटा शून्यावर आणता आणता तिने विचारलं,
"कुणासाठी सोडलंस?"
तिने मुलासाठी सोडलं होतं.
बोट केलुंगहून गेलेली, अकरा दिवस पत्ता नाही.
तो आला. नवस फेडून झाला,
तरी ही परत मांसाकडे वळली नाही.
"तो अजून मासेच पकडतो," ती म्हणाली,
"मी खात नाही, तो पकडतो,
देवाने काय ते बघावं.
आणि तू?"

मी तोंड उघडलं.
आमच्यात खात नाहीत.
एवढंच होतं माझ्याकडे.
'आम्ही'ला चिनी शब्द होता, 'आत'लाही होता.
दोन्ही जोडले तर खोलीत बसलेली माणसं झाली,
'आमच्यात' होईना.
त्यात पाचवी ब होती,
बाकावर पल्लवी सोनकांबळे,
तिच्या डब्यात सुकट,
आणि माझा डबा बाकाच्या या टोकाला, या टोकाला,
शेवटी मांडीवर.
तिने कधी विचारलं नाही, कुणासाठी.

"सवय," मी म्हटलं.
आयीने मान हलवली, आकडा वाचला : त्र्याहत्तर.
पैसे पेटीत टाकले,
आणि मशरूमचा एक डाव वरून ओतला,
वजन होऊन गेल्यावर.

त्या दिवशी पौर्णिमा.
महिन्यातून दोनदा शाकाहारी होणाऱ्यांची गर्दी,
आजीने फोनवर दटावलेली वेइ-तिंगही त्यात.
जागा आहे का, तिने विचारलं.
मी पिशवी उचलली.
तिने आपला मासा चॉपस्टिकने मधोमध तोडला,
अर्धा माझ्या झाकणावर ठेवला,
तिच्यात असंच करतात.
आणि लॅबमधल्या कुणाबद्दल तरी सांगू लागली.

मी खवल्यांच्या रेघा बघत बसले,
शेपटीकडे दाट होत गेलेल्या.
भात निवत होता.